पहिल्यांदा घारापुरीला जाताना

घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटाची, सहल फसते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी. लोक सोमवारी जातात, उशिराची लाँच धरतात, किंवा मुख्य लेण्यात पंधरा-वीस मिनिटं फिरून, त्रिमूर्तीसमोर फोटो काढून खाली उतरतात. पहिल्या दोन चुका वार आणि घड्याळ पाहिलं की टळतात. तिसरी टाळायची तर आत काय आहे, कुठे आहे आणि कोणत्या क्रमाने पाहावं हे आधी ठाऊक हवं. म्हणून तिकीट, लाँच, पायऱ्या हे सगळं पुढे आहेच, पण सगळ्यात जास्त जागा त्या एका लेण्याने घेतली आहे.

बेट मुंबईच्या बंदरात, गेटवे ऑफ इंडियापासून साधारण १० ते ११ किलोमीटर पूर्वेला. दिसतं मुंबईतून, पण आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. दोन टेकड्या आणि मधली घळ असा आकार. पश्चिमेच्या टेकडीवर पाच शैव लेणी, पूर्वेच्या टेकडीवर दोन बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं. इथे माणसं राहतात, त्यांची घरं-दारं आहेत, आणि समुद्राखालून केबल टाकून त्यांच्याकडे वीज पोहोचली ती थेट २०१८ मध्ये. पर्यटकांना मात्र मुक्काम करता येत नाही, त्यामुळे जे काही पाहायचं ते एका दिवसात.

वार, ऋतू आणि भरती-ओहोटी

लेणी सोमवारी बंद असतात. बाकी दिवस सकाळी नऊपासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत उघडी. शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना लाँचच्या रांगेपासून त्रिमूर्तीच्या कठड्यापर्यंत सगळीकडे गर्दी. मंगळवार ते शुक्रवार बरे, फक्त डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली मधल्या वारीही असतात. महाशिवरात्रीला भाविक मोठ्या संख्येने येतात. तो अनुभव वेगळा आहे, पण शिल्पं नीट पाहायची असतील तर तो दिवस सोडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा काळ. मार्च ते मे जायचं झालं तर पहिल्या लाँचला पर्याय नाही, कारण अकरानंतर पायऱ्या तापतात आणि बंदराची दमट हवा अंगाला चिकटते. पावसाळ्यात बेट सुंदर दिसतं, टेकड्या हिरव्यागार होतात, लेण्याच्या कपारींतून पाणी ठिबकतं. अलिबागजवळच्या मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंदच असते, तसं घारापुरीचं नाही. पण वारा वाढला, बंदरावर धोक्याचा बावटा लागला की त्या दिवसाच्या फेऱ्या थांबतात, आणि हे सकाळी गेटवेवर पोहोचल्यावरच कळतं. परगावाहून येणाऱ्यांनी पावसाळ्यात घारापुरीसाठी एक दिवस राखीव ठेवावा. संध्याकाळची परतीची रेल्वे धरायची असेल त्या दिवशी तर जाऊच नये.

आता भरती-ओहोटी, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. यालाच उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक बराच कमी असतो, तो भांग. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या दरम्यान आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. म्हणजे उधाणाच्या दिवशी शेवटच्या लाँचने परतलात तर गेटवेच्या खालच्या, एरवी पाण्यात असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि लाँच त्यांच्या बरीच खाली हेलकावत असते. गुडघेदुखी असलेली किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर उधाणाचे दिवस टाळा, नाहीतर दुपारी तीनच्या आत परत फिरा.

गेटवेवर

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मेट्रोने येत असाल तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, शेवटची दुपारी दोन-अडीचला. साडेआठला गेटवेवर पोहोचा, कारण आवारात शिरतानाच पिशव्यांची तपासणी होते आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच रांग लागते.

तिकीट घेताना दोन गोष्टी. एक, गेटवेवर अर्ध्या तासाच्या बंदर-फेरीचीही तिकिटं विकली जातात आणि विक्रेते अंगावर येऊन ती खपवतात. ती लाँच बंदरात एक वळसा घालून परत येते, बेटावर जात नाही. खिडकीवर ‘घारापुरी, जाऊन-येऊन’ असं स्पष्ट सांगून तिकीट घ्या. दर माणशी तीनशे रुपयांच्या आतबाहेर असतो, मुलांना कमी. दोन, हे तिकीट परतीलाही दाखवावं लागतं. ते चुरगळून खिशात कोंबू नका, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, आणि परतीला कुठल्याही लाँचमध्ये चालतं का हे तिथल्या तिथे विचारून घ्या. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते बेटावर काढायचं.

लाँचवर स्वच्छतागृह असेलच असं नाही. गेटवेजवळच उरकून घ्या.

चढताना लाँच थेट धक्क्याला लागलेली असेल असं समजू नका. गर्दीच्या वेळी दोन-तीन लाँच एकमेकींना बांधलेल्या असतात आणि पहिलीच्या कडेवरून दुसरीत जावं लागतं. दोन्ही हात मोकळे ठेवा, फोन खिशात. दोन लाँच लाटेवर एकमेकींजवळ येतात आणि दूर जातात, त्यामुळे जवळ आल्या त्याच क्षणी पाऊल टाकायचं. खलाशी हात देतो, तो धरा; त्यात कमीपणा नाही. लहान मूल असेल तर ते आधी त्याच्या हातात द्या आणि मग स्वतः चढा.

लाइफ जॅकेट मिळालं की लगेच घाला आणि पट्टे आवळा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या प्रवासी लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसं दगावली, तेव्हापासून जॅकेटचा आग्रह कडक झाला आहे. उकडतं म्हणून ते मांडीवर घेऊन बसणारे अजूनही दिसतात. मांडीवरच्या जॅकेटचा उपयोग शून्य.

तासाभराचा समुद्र

वरच्या मजल्यावर बसायला दहा-वीस रुपये वेगळे घेतात. जाताना ते द्यावेत, परतीला ऊन पाहून ठरवा. ज्यांना बोट लागते त्यांनी खाली, मध्यभागी, इंजिनच्या धुरापासून दूर बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. निघण्याआधी हलकं खाल्लेलं असावं, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं.

निघताना मागे गेटवे आणि ताज, मग नौदलाची गोदी आणि युद्धनौका. नौदलाच्या हद्दीचे फोटो काढायचे नाहीत. पुढे तेलाच्या टाक्या आणि जहाजांना लागणाऱ्या नळ्या असलेलं जवाहर द्वीप, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन, उत्तरेला अटल सेतूची लांबलचक रेघ. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचचा पाठलाग करतात, कारण लोक त्यांना वेफर आणि गाठ्या टाकतात. तळलेलं, खारट खाणं त्यांच्यासाठी वाईट, आणि तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या शिटेसाठी कारणही तेच.

धक्क्यापासून लेण्यापर्यंत

उतरल्यावर लांब सिमेंटचा धक्का लागतो. त्यावर छोटी झुकझुक गाडी चालते, तिकीट किरकोळ. मुलं असतील तर बसा. नसतील तर चालत दहा मिनिटंही लागत नाहीत आणि दोन्ही बाजूंची तिवरं निवांत पाहता येतात. गाडीच्या रांगेत थांबणारे बहुतेक वेळा चालणाऱ्यांच्या नंतर पोहोचतात.

पायथ्याशी ग्रामपंचायतीचा कर भरायचा, दहा रुपयांच्या आसपास. सुटे पैसे जवळ ठेवा, नेटवर्क रुसलं की फोनने पैसे देणं अडकतं. तिथून वर साधारण १२० पायऱ्या. दुतर्फा दुकानं आणि वर ताडपत्र्यांचं छप्पर, त्यामुळे ऊन लागत नाही, पण वारासुद्धा येत नाही. सावकाश चढलं तर पंधरा मिनिटं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. दर आधी ठरवा, तो जाऊन-येऊन आहे की फक्त वर जाण्याचा हे विचारा, आणि खाली आणायला किती वाजता यायचं तेही सांगून ठेवा. खरेदी उतरताना करा. चढताना घेतलेलं दगडी हत्तींचं ओझं दिवसभर तुम्हीच वाहणार आहात.

पायऱ्यांच्या वरच्या टोकाला माकडांचं राज्य सुरू होतं. त्यांना पिशवीतला आवाज आणि बाटलीचा रंग कळतो. हातातली सरबताची बाटली, प्लास्टिकची पिशवी, उघडा डबा हे सगळं हिसकावलं जातं. पाणी आणि खाणं चेन असलेल्या सॅकमध्ये, सॅक पुढे पोटावर. एखाद्याने बाटली ओढलीच तर सोडून द्या. ओढाताण केली की चावा किंवा ओरखडा, आणि मग दिवस रेबीजची लस शोधण्यात जातो.

वर पुरातत्त्व खात्याची खिडकी. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. तिकीट आधी ऑनलाइनही काढता येतं आणि रविवारी ते फार कामाला येतं. तिपाई लावून छायाचित्रण करायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. वाटाड्या घ्यायचा असेल तर ओळखपत्र पाहा, पैसे आणि वेळ आधी ठरवा, आणि किमान तासभर द्यायला सांगा. वीस मिनिटांत सगळं दाखवतो म्हणणारा वाटाड्या पुढचं गिऱ्हाईक शोधत असतो.

लेणे क्रमांक एक: कसं पाहावं

सहाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे हे लेणं कोरलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. कोरवून घेणारा कोण, यावर एकमत नाही. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली, म्हणून त्याचं नाव पुढे येतं. कोकणच्या मौर्यांचंही घेतलं जातं. इथला एक शिलालेख पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिथे हरवला, म्हणून हा वाद मिटत नाही. बेट १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेलं. मूर्तींचे हात-पाय तुटलेले दिसतात, त्यातला मोठा भाग त्यांच्या काळातला मानला जातो, आणि उरलेलं काम समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि झिरपणाऱ्या पाण्याने केलं. १९८७ मध्ये युनेस्कोने घारापुरीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पायरी पहिली: उत्तरेच्या मुख्य दारातून आत शिरलात की पुढे धावू नका. दोन-तीन मिनिटं उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला अंधार फक्त काळा दिसतो. डोळे स्थिरावले की खांबांच्या रांगा उमटतात: खाली चौकोनी, वर खोबणी पाडलेले गोल, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोल भाग. काही खांब नंतर बसवलेले आहेत. ज्यांच्या कडा फार धारदार आणि पृष्ठभाग फार सपाट, ते नवे.

पायरी दुसरी: नकाशा डोक्यात बसवा. लेण्याला तीन बाजूंनी दारं, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. दक्षिणेची भिंत बंद, तिच्यावर सदाशिव, म्हणजे लोकांची ‘त्रिमूर्ती’. म्हणजे उत्तरेच्या दारातून सरळ रेषेत सदाशिव दिसतो. पण पूर्वेच्या दारात उभे राहिलात तर सरळ रेषेत दिसतो पश्चिमेकडचा लिंगाचा गाभारा. दोन रेषा, दोन केंद्रं. या लेण्याचं सगळं गणित त्यात आहे, आणि फक्त त्रिमूर्ती पाहून परतणाऱ्याला त्यातली एकच रेषा दिसते.

पायरी तिसरी: फिरण्याची दिशा उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. म्हणजे डावीकडून सुरुवात, प्रदक्षिणेच्या दिशेने. भिंतींवरची मोठी शिल्पं जोड्यांनी आहेत आणि प्रत्येक जोडी समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी ठेवून एकमेकींशी ताडून पाहायची आहे.

दारातच पहिली जोडी. डावीकडे योगीश्वर, कमळावर ध्यानात बसलेला. उजवीकडे नटराज, नाचणारा. योगीश्वराच्या अंगात हालचाल नाही, नटराजाच्या धडाला पीळ पडला आहे. नटराजाचे आठ हात होते, बहुतेक तुटले आहेत, पण खांद्यांचे तुकडे पाहून ते कुठे वळले असतील याचा अंदाज येतो. भोवतीच्या गर्दीत गणपती शोधा.

मग डावीकडून पूर्वेच्या दाराकडे. इथे दुसरी जोडी समोरासमोर. एकीत कैलासावर शिव-पार्वतीचा सारीपाटाचा डाव रंगला आहे आणि पार्वती रुसून मान फिरवून बसली आहे. दुसरीत रावण कैलास उचलतोय आणि शिव वर निवांत बसला आहे. रावणाची आकृती फार झिजली आहे. खाली, डोंगराच्या बुडाशी पाहा, पाठमोऱ्या धडाचा आकार हळूहळू सापडतो. इथून बाहेर पूर्वेच्या चौकात या. तिथे वेगळं छोटं लिंगमंदिर आहे, पायऱ्यांपाशी सिंह बसलेले, आणि कडेच्या दालनात गणपती, कार्तिकेय आणि मातृकांची, म्हणजे मातृदेवतांची, रांग. बहुतेक गट इथे येत नाहीत, म्हणून पाच मिनिटं शांत मिळतात.

चौकातून परत आत येताना दारात थांबून समोर पाहा. खांबांच्या रांगांच्या शेवटी लिंगाचा गाभारा. सकाळी या बाजूने उजेड आत येतो, म्हणूनच पहिल्या लाँचचा एवढा आग्रह.

आता दक्षिणेची भिंत, डावीकडून उजवीकडे.

अर्धनारीश्वर. तुमच्या डाव्या हाताची बाजू पुरुषाची, नंदीवर रेललेली. उजवी बाजू स्त्रीची, हातात आरसा. मधोमध उभी रेघ कल्पून दोन्ही बाजू ताडून पाहा: खांदा, कंबर, नितंबाचा बाक. वरच्या गर्दीत हत्तीवर इंद्र, हंसांच्या आसनावर ब्रह्मा, गरुडावर विष्णू.

सदाशिव, ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. ब्रह्मा-विष्णू-महेश असं वाटाडे सर्रास सांगतात. पण ही तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. पाचातली तीन दिसतात, एक मागे दगडात गृहीत, एक वर. उंची सुमारे साडेपाच मीटर, तीही फक्त छातीपर्यंतची. मधलं तत्पुरुष, डोळे मिटत आलेले. तुमच्या डावीकडचं अघोर: मिशा, कपाळावर आठी, हातात नाग, जटेत कवटी. उजवीकडचं वामदेव: कोवळा, स्त्रीसारखा चेहरा, कुरळ्या बटा, हातात कमळ. कठड्याला चिकटून उभे राहिलात तर फक्त मधला चेहरा आणि भलीमोठी मान दिसते. चार-पाच पावलं मागे या, दोन खांबांच्या मध्ये. मग डावीकडे सरका, अघोर पुढे येईल. उजवीकडे सरका, वामदेव. पंधरा पावलांच्या अंतरात एकाच दगडाचे तीन स्वभाव दिसतात, आणि फोटोत हे येत नाही. इथे किमान दहा मिनिटं द्या. गर्दीचा गट आला तर बाजूला व्हा, तो पाच मिनिटांत निघून जातो.

गंगाधर. शिवाच्या डोक्यावर तीन मस्तकांची गंगा आहे, ती वर पाहिल्याशिवाय दिसत नाही. खाली भगीरथ गुडघ्यावर. शेजारी उभ्या पार्वतीच्या अंगाचा झोल पाहा. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी बसते आहे आणि ते तिला रुचलेलं नाही, हे शिल्पकाराने नुसत्या उभं राहण्यातून सांगितलं आहे.

पश्चिमेच्या दाराजवळची जोडी सगळ्यांत तीव्र. एकीत शिव-पार्वतीचं लग्न, पाणिग्रहण चालू. वधू शिवाच्या उजव्या हाताला, मान खाली; ब्रह्मा भटजी होऊन होमापाशी बसलेला. आपल्याकडच्या लग्नांचे अल्बम पाहिलेल्या कोणालाही हा क्षण ओळखता येईल. तिथून वळा, समोर अंधकासुरवध. तोच शिव, सुळे दिसणारा, डोळे वटारलेले, मागे हत्तीचं कातडं ताणलेलं, एका हातात तलवार आणि एकात रक्त झेलायचं पात्र. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राहतो अशी कथा आहे, म्हणून ते पात्र. खालचा भाग फुटून गेला आहे, पण कमरेपासून वरचा जोर अंगावर येतो.

शेवटी गाभारा. चार दिशांना चार दारं, प्रत्येक दाराला दोन द्वारपाल, एकूण आठ, माणसाच्या अडीचपट उंच. शाबूत चेहऱ्याचा द्वारपाल शोधून त्याच्या केसांची ठेवण पाहा. पश्चिमेच्या चौकात पाण्याचं टाकं आहे आणि आणखी एक छोटं लिंगमंदिर. इतकं सगळं पाहायला सव्वा ते दीड तास लागतो. शिल्पांना हात लावू नका. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं, आणि हजारो हातांनी काळे-तुळतुळीत झालेले गुडघे तुम्हाला तिथेच दिसतील.

बाकीची लेणी आणि तोफा

दोन ते पाच क्रमांकाची लेणी त्याच टेकडीवर, मुख्य लेण्यावरून पुढे जाणाऱ्या पायवाटेवर. खूप नासधूस झालेली, काही अपुरीच सोडलेली. अर्ध्या तासात होतात. अपुरं लेणं मात्र कुतूहलाने पाहा, छिन्नीचे घाव कुठे थांबले ते दिसतं.

वरच्या तोफांच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातल्या दोन अवजड तोफा आहेत. चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, वाट मातीची आणि सावली तुटक. वरून बंदर, जहाजं, मुंबईची कड असं सगळं उलगडतं. हिवाळ्यात जरूर जा. एप्रिल-मेमध्ये बारानंतर चढू नका, आणि पावसाळ्यात घसरण फार. तोफेवर चढून बसणारे असतात. लोखंड उन्हात किती तापतं हे त्यांना बसल्यावर कळतं. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

पूर्वेच्या टेकडीवरची बौद्ध लेणी आणि स्तूप पाहायचा तर गावातल्या माणसाला सोबत घ्या. वाटेवर पाट्या विश्वासाच्या नाहीत, पावसानंतर गवत वाढतं. पहिल्या भेटीत हे सोडलं तरी चालेल.

खाणं, पाणी, परत

माणशी दीड लिटर पाणी घरूनच न्या, उन्हाळ्यात दोन. बेटावर मिळतं, पण चढ्या भावाने. काकडी, कैरी, बोरं, चिंचा, ताक गावातल्या बायका विकतात. कापून ठेवलेली फळं घेण्यापेक्षा समोर कापून घ्या. पायथ्याच्या खानावळींत माशांची थाळी मिळते. दर पाहूनच मागवा, कारण सुरमई-पापलेटचा भाव आकारावर ठरतो आणि तो बिलात कळला तर वाद होतो. वर चढण्याआधी ऑर्डर आणि वेळ सांगून ठेवली तर उतरल्यावर खोळंबा होत नाही. रिकाम्या बाटल्या सॅकमध्ये घालून परत आणा, बेटावरचा कचरा शेवटी लाँचनेच बाहेर न्यावा लागतो.

वेळेचं गणित साधारण असं बसतं: नऊची लाँच, दहाला धक्का, साडेदहाला लेण्यात, बारापर्यंत मुख्य लेणं, साडेबारापर्यंत बाकीची, मग तोफा किंवा जेवण, तीनच्या सुमारास परतीचा धक्का. शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते. तिच्यावर विसंबू नका. त्या लाँचला सगळ्या बेटाची गर्दी असते, आणि ती चुकली तर मुक्कामाची सोय नाही.

हत्ती कुठे आहे?

पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते धक्क्याजवळच्या एका प्रचंड दगडी हत्तीमुळे. तो शोधत बेटावर फिरणारे बरेच असतात. तो तिथे नाही. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे मुंबईतच राहिले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जवळून पाहिलं तर जोड दिसतात.

परतीची लाँच लवकरची धरली असेल तर गेटवेपासून दहा मिनिटांवर, काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या शिल्पदालनात घारापुरीहून आणलेला ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी आहेत. त्याच दिवशी पाहिलेत तर लेण्यातल्या झिजलेल्या चेहऱ्यांवर मुळात काय असेल याचा चांगला अंदाज येतो. भायखळ्याचा हत्ती मात्र वेगळ्या दिवशी ठेवा. ते संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात, त्यामुळे घारापुरी मंगळवारी केलीत तर हत्तीसाठी गुरुवार धरा.